बाउमवोल्ले

पहिला परदेशी शब्द मला शाळेत नाही,
अम्माच्या मांडीवर सापडला.
टॉवेलच्या कडेला शिवायचं बोटभर लेबल,
पाच भाषांत एकच ताकीद, उकळत्या पाण्यात धुवू नका,
आणि तळाशी: शंभर टक्के बाउमवोल्ले.

बाउम म्हणजे झाड, वोल्ले म्हणजे लोकर,
ही फोड बिराजदार मॅडमनी करून दिली
दहा वर्षांनी, सात रस्त्याजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे मार्चपासूनच पंखा नुसती गरम हवा ढवळतो.
झाडाला लोकर येते!
आमच्या घरी तिला दूदी म्हणतात,
निगार शाब्दीच्या घरी रुई,
आणि मॅडमच्या माहेरी, अक्कलकोटच्या पुढे, हत्ती.
मॅडमच्या उशीत हत्ती भरलेत
यावर मी आणि निगार इतकं हसलो
की षष्ठी विभक्ती त्या दिवशी राहूनच गेली.
अजून कच्ची आहे.

आता टेबलावर तीन देश आहेत, भाषा एकच.
चिन्नाय्या एमआयडीसीत हिशेब लिहितो.
त्याने स्वित्झर्लंडचा आकडा कॅल्क्युलेटरवर मारला
आणि कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.
"जर्मनीत फी नाही म्हणलालेत ना,
मग विचार कसला करलालीस बे?"
निगारचं म्हणणं, जिथे लोक कमी बोलतात तिथे नको,
तू भिंतीशी बोलशील.
बाबा काही म्हणाले नाहीत.
यंत्रमागावर तीस वर्षं काढलेला माणूस
आधीच जोरात बोलतो, नाहीतर गप्प असतो.

मी अडलेय ती भलत्याच ठिकाणी.
पुण्यात तोंडी परीक्षेच्या रांगेत
निगारला फोनवर म्हणाले, "थांब गं, येलाले."
मागची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, किती गोड बोलते ना ही.
त्या दिवशी जर्मनमध्ये मला ब्याण्णव पडले.
मराठीत मी नापास होऊन आले.

ऑस्ट्रियात बटाट्याला जमिनीचं सफरचंद म्हणतात.
पुस्तकातला शब्द वेगळा, कार्टोफेल, तो वर जर्मनीत चालतो.
मॅडमनी ग्राझच्या बाजारातल्या एका बाईचं बोलणं ऐकवलं.
ती शब्दांची शेपटं खात होती,
मधेच हसत होती, आणि माफीही मागत होती,
म्हणजे, आमचं काही शुद्ध नाही हो.
मंगळवार बाजारात मेथीची जुडी आपटत
असंच बोलतात.
मला त्यातलं चाळीस टक्के कळलं.
चिन्नाय्या चिडला की त्याचं तेलुगूही
तेवढंच कळतं.

रात्री अम्माला म्हटलं, ऑस्ट्रिया.
ती शेंगा भाजत होती, चटणीसाठी.
तिने जर्मनीची बाजू घेतली.
"हॅम्बुर्गचा माल एकदा परत आला होता,
एक धागा सैल होता म्हणून, अख्खी खेप.
मालक रडायचा बाकी होता.
पण बघ, जिथून माल परत येतो
तिथून पोरगीपण येते."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
कुठल्याच भाषेत.

शेंगा जराशा करपल्या.
तिने काळ्या वेचून बाजूला ठेवल्या, बाबांसाठी,
त्यांना आवडतात.
मग विचारलं,
"तुझ्या त्या ग्राझला कधी आपला माल गेलाय का?"
माहीत नाही. बहुतेक नाही.
"मग पहिला नग तूच," ती म्हणाली,
आणि माझ्या कुडत्याची बाही पालथी करून,
दिव्याकडे धरून,
शिवण ओढून बघितली.