जागा बदलून

सकाळी साडेसहाला कचरागाडी
आपलं तेच गाणं वाजवत
इंदूरच्या छावणीतल्या आमच्या गल्लीतून जाते,
तेव्हा मी जिना उतरते.
खाली सलोमीवहिनी
पदर बाजूला सारून बसलेली असते,
पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून.
आम्ही एकमेकींना सलाम म्हणतो.
एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी, सासूबाईंची पेटी अजून उघडी होती,
पाळकसाहेब घड्याळ बघत होते,
आणि ही सगळ्या मंडळीसमोर म्हणाली होती,
"घरात नर्स असून माणूस गेलं."
पाच शब्द. मी मोजलेत.
मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं
रात्रपाळ्या केलेली बाई मी,
मोजणं हा माझा धंदाच:
थेंब, नाडी, गोळ्या,
आणि त्या रात्री सासूबाईंचे श्वास.
ते मोजताना मला डुलकी लागली होती का,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना
ऋणांपाशी आलं की सगळी मंडळी
एका सुरात "सोडले आहे" म्हणते,
जणू काम उरकून, हात धुऊनच देवळात आलोय.
मी त्या शब्दापाशी खोकते.
नाहीतर ओठांतल्या ओठांत "सोडते आहे" म्हणते.
एका अक्षराचा फरक,
पाळकांना ऐकू जात नाही.
वर कुणाला जात असेल तर जावो.

मग वहिनीला साखर निघाली.
डोळे अधू, हात थरथरते, मुलगा मस्कतला.
सुई कोण देणार, असं कुणी विचारलंच नाही.
मीही नाही.

पहिला हिवाळाभर मी बाटली फ्रिजमधून काढून
तशीच भरली, तशीच टोचली.
गार औषध आत जाताना झोंबतं,
हे मीच शिकाऊ मुलींना वर्षानुवर्षं शिकवलंय.
हात चुकला नाही माझा. मात्रा बरोबर, कापूस स्वच्छ,
कुठल्याही वहीत नोंद होणार नाही असा
बारीक, थंड सूड.
ती नुसती म्हणायची, "आज गारठा फार आहे, नाही?"

ते कधी थांबलं, नेमकं सांगता येत नाही.
साक्ष द्यायला उभी राहिले
तर सांगण्याजोगं काही नाही, ना आवाज, ना उजेड.
एकदा दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून
वाद घालत दारात उभी राहिले,
बाटली हातातच राहिली
आणि दोन तळव्यांमध्ये आपोआप फिरू लागली,
जुन्या सवयीनं.
त्या दिवशी वहिनी दचकली नाही.
वळून तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग पुन्हा भिंतीकडे.

आता रोज फिरवते,
ते पांढरं गढूळ एकजीव होईपर्यंत.
तेवढ्या वेळात कधी प्रार्थना होते,
कधी भाजीचा विचार,
कधी ते पाच शब्द पुन्हा वर येतात.
मी त्यांना म्हणते, बसा.

जागा रोज बदलायची असते.
काल टोचलं तिथेच आज टोचलं
तर कातडीखाली गाठ धरते,
मग औषधही मुरत नाही.
पोटाच्या डावीकडे, उजवीकडे, मांडीवर,
माणसात इतकी जागा असते
हे मला माहीत होतं.
आणि माहीत नव्हतं.

परवा तिच्या उशीखाली जलेबीचा कागद सापडला,
चिकट, वर पोह्यांचं जीरावण सांडलेलं.
मी ओरडले. मनसोक्त ओरडले,
सख्ख्या बहिणीवर ओरडावं तशी.
ती कवळी न लावता हसत होती.
मग म्हणाली, "सुवार्ते,
त्या हिवाळ्यात बाटली गार असायची.
मला कळायचं."

मी सिरिंज खाली ठेवली.
"मग बोलायचं नाही का?"
"तू तरी कुठे बोललीस," ती म्हणाली,
आणि पदर बाजूला सारला.
"चल, पोहे गार होतायत.
आज डावीकडे ना?"