वहन आकार

खोर खुवैरच्या धक्क्याला जहाज लागतं
तेव्हा मला कागद वाचावा लागत नाही.
वारा नाकाशी आणून देतो आणि कळतं:
ओला आहे, कोवळा आहे, आतल्या आत तापेल,
ढीग उंच रचू नका.
फोरमन बिजू विचारतो, तुला कसं समजलं?
मी म्हणतो, घुग्घुस.
त्याला वाटतं, हे कुठल्यातरी डिप्लोमाचं नाव असावं.

आमच्याकडे दोरीवरचे कपडे काढले की
आधी झटकतात, मग घडी.
पांढरा शर्ट शाळेच्या फोटोपुरता.
बाप खाणीतून निवृत्त झाला,
त्याची थुंकी झाली नाही.
शेवटपर्यंत तिला रंग होता
आणि तो ती बेसिनमध्ये बघत उभा राहायचा,
हजेरी लावल्यासारखा.

इथे कोळसा सिमेंटच्या भट्टीत जातो.
मी पट्ट्याच्या कडेने चालतो, बारा तास,
हातात टॉर्च, तापलेला रोलर हुंगत.

रात्री खोलीत सहाजण, एक एसी, अठरावर.
गुल नवाज दोन रजया घेऊन झोपतो
आणि सकाळी म्हणतो, थंडी वाजली.
कमी कर म्हटलं तर हसतो:
मीटर पाहिलंयस का कधी?
नाही पाहिलं. तीन वर्षं झाली.
एकदा तर भिंतीसुद्धा चाचपल्या.

काल समीक्षाने बिलाचा फोटो पाठवला.
"पप्पा, हे पाहा न. कूलर तर आपण
दुपारचाच लावतो. मंग काहून एवढं आलं?"
मी दोन बोटांनी फोटो ताणला.
स्थिर आकार.
वीज आकार.
इंधन समायोजन आकार, म्हणजे
कोळसा महाग पडला, तर तो आम्हाला पडला.
बरं.
वहन आकार.
इथे बोट थांबलं.

आमच्या गच्चीवरून धुराडी मोजता येतात.
मागच्या अंगणावरून जाड तारा जातात,
पावसाळ्यात मधमाश्यांसारख्या घोंगावतात,
खाली उभं राहिलं
तर छत्रीची दांडी बोटांना चावते.
त्या आमच्याकडे वळत नाहीत.
आमची वीज कुठेतरी दूर जाऊन,
जरा फिरून, दमून,
लहान खांबांवरून परत येते म्हणे.
तिच्या प्रवासाचं भाडं आहे ते.
धूळ मात्र थेट येते. तिचा रकाना नाही.

गुल नवाजने खांद्यावरून डोकावलं.
कोळसा तुमचा, बिजलीघर तुमच्या दारात,
मग फुकट नसते का?
मी म्हटलं, तुझ्याकडे धरण आहे ना.
तो बराच वेळ मोजे काढत राहिला.
त्याचं जुनं गाव पाण्याखाली आहे.
नवं वर, टेकडीवर.
तिथे रात्री आठनंतर
लोक एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात.

आज जेवणाच्या सुट्टीत एक्स्चेंजमध्ये गेलो.
पंधराशे दिरहम पाठवायचे, वर वीस कापून घेतले.
खिडकीतल्या पोरीला विचारावंसं वाटलं,
हा कोणता आकार?
विचारलं नाही. मागे रांग होती,
आणि तिचीही शिफ्ट बारा तासांचीच असणार.

रात्री साडेदहाला निरोप आला:
"भरलं बिल. पण लाइन गेली हाय
संध्याकाळपासून. फोन नऊ टक्के.
उद्या बोलू."
मी लिहिलं, झोप.
एकच टिक. मग तेवढीच राहिली.

खोलीत सगळे घोरत होते,
एसी त्यांच्यापेक्षा जोरात.
मी उठलो, चप्पल न घालता खाली गेलो.
जिन्याखाली, सायकलींच्या मागे,
एक राखाडी पेटी आहे,
कुलूप लावलेली.
मी इतके दिवस तिला पाण्याच्या पंपाची समजत होतो.
गुडघ्यांवर बसलो. कान लावला.
पत्रा गार होता,
आणि आत, न थांबता,
कुणीतरी हळू आवाजात मोजत होतं.