तीस शब्दांपर्यंत

तीस शब्दांपर्यंत साडेसहाशे,
पुढे शब्दाला वीस.
फोटो वेगळा.
रोज सांगते, त्यामुळे आवाज हलत नाही आता.

समोर श्रीहरी मेरगू, हातात छापून आणलेला कागद.
चौऱ्याण्णव शब्द.
सोलापूरचा मे, दुपारचे तीन,
पंखा गरम हवा ढवळत बसलेला.
त्याची काकू राजव्वा बाहेर बाकावर,
मांडीवर तुपाचा जुना चौकोनी डबा.

लाल पेन उघडलं.
'दुःखद निधन'मधलं दुःखद गेलं;
सुखद निधनाची जाहिरात अजून कुणी दिली नाही.
प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख : तिघं एका रेघेत.
'अल्पशा आजाराने.'
श्रीहरी म्हणाला, आठ महिने अंथरुणाला होते.
तेही काढलं, पैशासाठी नव्हे.
'चौतीस वर्षे पडद्यामागे राहून सेवा' :
ऑपरेटर पडद्यामागे नसतो,
लोकांच्या पाठीमागे असतो, वर, भोकाशी.
दुरुस्त करणार होते,
पण वाक्य लांब होतं. अख्खंच कापलं.

मोजले. बरोबर तीस.

राजव्वा उठून आत आली.
डबा माझ्या टेबलावर, प्रुफांवर ठेवला.
आत फिल्मचे तुकडे, बोटाएवढे, हाताएवढे,
शिरक्याचा वास.
"मॅनेजर म्हणायचा, मिलची पाळी सुटायच्या आत शो संपव,
दहा मिनिटं कमी कर नरसय्या.
तेनी ब्लेडनं खरवडायचे, डिंक लावायचे,
दोन बोटात धरून फुंकायचे.
सांधा उडाला की खालून शिट्ट्या.
कापत होते बाई, फेकत नव्हते.
पेटी बार्शीला जायच्या आधी परत जोडायचे.
कधी विसरायचे."
एक पट्टी तिनं खिडकीशी धरली :
निळ्या साडीतली कुणी बाई, जिन्याच्या मधोमध.
"ही बार्शीत अर्धाच जिना चढली.
वरचा अर्धा आमच्या घरी."

श्रीहरी हसला, मग गप्प झाला.
तो कंपनीचं काम घरूनच करतो, विडी घरकुलात.
म्हणाला, आमच्या प्रोग्राममध्ये ओळ पुसली तरी राहते.
कुणी पुसली, कधी, आणि का,
ते 'का' लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.
राजव्वा म्हणाली, मग डबाच की रे तो.

तेवीस वर्षं प्रुफं वाचते मी,
आणि त्या दुपारी पहिल्यांदा खटकलं :
कापण्याच्या माझ्या कामाला भाषेनं नाव दिलं संपादन,
म्हणजे मिळवणं.
नरसय्याच्या ब्लेडसारखंच काम मोठ्या स्टुडिओत झालं
की संकलन,
म्हणजे गोळा करणं.
आणि टॉकीजची पुढची भिंत रस्त्यात गेली
तेव्हा नोटिशीवर होतं भूसंपादन.
कोण मिळवतं, कोण गमावतं,
शब्द सांगत नाही. गुळगुळीत आहे शब्द.

राजव्वा कागद वाचू शकत नव्हती.
श्रीहरीनं वाचून दाखवला.
ती ऐकत होती आणि तिचा अंगठा बोटांवर फिरत होता,
पन्नास वर्षं पत्र्याच्या मापाला लावून पानं कापलेला अंगठा.
नंतर कनवटीची पिशवी सोडून
वीसची नोट काढली, घडी घातलेली, मऊ.
"एक शब्द वाढवा.
ऑपरेटर."

नावाच्या पुढे बसवला.
एकतीस.

सकाळी अंक उघडला.
पान सहा, खाली डावीकडे,
नरसय्या मेरगू, 'ऑपरटर'.
एक मात्रा गळाली होती.
रात्री शेवटचं प्रूफ मीच वाचलं होतं.

श्रीहरीला लिहिलं, चूक माझी,
उद्या फुकट छापते पुन्हा.
उत्तर आलं. फोन हातात घेईपर्यंत
त्यात दोनच शब्द उरले होते :
'असू द्या.'
आणि खाली, राखाडी, बारीक :
संपादित.