दीड मिलिमीटर

मैदा तीन किलो. मीठ अंदाजानं.
तेलाचं मोहन, इतकं की मूठ वळली तर सुटता कामा नये.
तूप नको म्हणाला तो पोरगा, वास येतो.
त्रिविक्रम नाव. घोडबंदर रोडला दुकान काढलंय,
मिशा अजून नीट फुटल्या नाहीत.
रोज साठ हव्यात. आठ इंची. सगळ्या एकसारख्या.
गुंडाळताना फाटल्या तर परत पाठवणार.
"टॉर्टिया म्हणतात त्याला, काकू."

शैलजानं ऐकून घेतलं.
सावरकरनगरात सतरा वर्षं पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई
नव्या शब्दाला घाबरत नाही.
वहीत लिहिलं :
मैद्याच्या पोळ्या, ६०.

पहिल्या दिवशी मीच बसलो लाटायला.
अकरा महिने घरात आहे.
कंपनीच्या जागेवर काचेची इमारत चढतेय,
तिकडून जायची वेळ आली तर मी दुसऱ्या गल्लीनं जातो.
एकतीस वर्षं लेथवर शाफ्ट उतरवले,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
मैदा म्हणजे काय मोठं!

लाटली आठ इंच.
पोळपाटावरून उचलेपर्यंत सहा.
पुन्हा लाटली. पुन्हा आक्रसली.
मी म्हटलं, स्प्रिंगबॅक आहे हा,
पत्रासुद्धा वाकवला की थोडा मागे येतोच,
म्हणून दोन अंश जास्त वाकवायचा असतो.

शैलजा भाजी परतत होती. वळलीही नाही.
"जास्त काही वाकवू नका त्याला.
उंडे करा, ओलं फडकं टाका, अर्धा तास बघू नका.
दमलंय ते."

अर्धा तास मी फडक्याकडे बघत बसलो.

नंतर ऐकलं पिठानं.
पण एक जाड, एक पातळ,
एकीला कोपरा, एकीला शेपूट.
मग माझ्यातला टर्नर उठला.
वागळे इस्टेटला, रोड नंबर बावीसच्या मागे,
गुरवाचं जॉबिंगचं वर्कशॉप अजून तग धरून आहे.
त्याच्या जुन्या लेथवर दुपारभर उभा राहिलो.
शिसवीचं लाटणं, दोन्ही टोकांना पितळी कडी,
लाकडापेक्षा दीड मिलिमीटर वर. बरोब्बर दीड.
कडी पोळपाटाला टेकली की लाटणं थांबणार,
चूक करायची म्हटली तरी होणार नाही.
गुरव पैसे घेईना.
कुलंटचा वास हातांना तसाच घेऊन चालत आलो,
साबण लावला नाही.

शैलजानं लाटणं उलटंसुलटं पाहिलं.
"सुबक झालंय," म्हणाली.
तीन लाटल्या त्यानं.
मग ते भिंतीला टेकवलं
आणि आपलं जुनं घेतलं, मधोमध झिजलेलं.

रागावलो नाही. म्हणजे, थोडा रागावलो.
ती गॅसवाल्याशी बोलायला दारात गेली तेव्हा
व्हर्नियर काढला कपाटातून.
मऊ वस्तूला जबडे टेकवायचे, दाबायचे नाहीत,
हे मी किती पोरांना शिकवलंय.
पहिली : दीड.
दुसरी : दीड.
पाचवी : दीडला थोडी वर, म्हटलं सापडली,
पण तिथं कोरडा मैदा चिकटला होता.
नववी : दीड.

व्हर्नियर बंद करून शून्य तपासलं.
शून्य बरोबर होतं.

"मोजून झालं असेल तर तव्यावर या," ती मागून म्हणाली.

तेव्हापासून तवा माझ्याकडे.
कोरडा तवा, आच मोठी, तीस सेकंद.
बुडबुडे उठले की उलटायची.
टम्म फुगू द्यायची नाही, हे मात्र अवघड जातं,
फुगलेली पोळी पाहून बरं वाटायची सवय जन्माची.
डाग सोनेरी हवेत, काळे नकोत.
उतरवली की लगेच फडक्यात, एकीवर एक,
वाफेनं एकमेकींना मऊ करतात त्या.

एकसष्टावी माझ्या हातची असते, पितळी कड्यांची.
ती विकायची नाही.
लसणीची चटणी घालून दोघं उभ्यानंच खातो, ओट्यापाशी,
अर्धी तिला, अर्धी मला,
तिचं अर्ध नेहमी मोठं येतं, कसं कोण जाणे.

काल त्रिविक्रमचा फोन आला.
सोमवारपासून शंभर जमतील का?
तिनं फोनवर हात ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलं.

मी फडकं भिजवायला घेतलं.