दोन इंच

डोराव्हिलच्या दुकानात म्योंगजा
गिऱ्हाइकांच्या पँटी कंबरेत आत घेते.
दोन इंच. महिन्याने आणखी एक.
हॉलिससाहेबांना काहीतरी झालंय, हे तिला
त्यांच्या बायकोआधी कळलं होतं.

स्वतःचा स्कर्ट तिने तीनदा आवळला.
विमा नाही. फोनवरचा आवाज
इंग्रजीत म्हणतो, एक दाबा, दोन दाबा.
ती ठेवून देते, सुई ओवते.

रविवारी चर्चच्या तळघरात
भजनाच्या पुस्तकांशेजारी रक्तदाबाचं यंत्र,
आणि एक नर्स, तिच्याच बोलीत:
“कधीपासून, मावशी?”

मार्चपासून.
नाही, थांब, त्याच्याही आधी,
ती करडी पँट आली ना,
तिच्या आदल्या आठवड्यापासून.

नर्सचं पेन थबकतं.
“कोणाची पँट?”

म्योंगजा खुर्ची पुढे ओढते.