घाटावर एक दिवस

मे महिन्यात मामाने गाडी दिली,
पेट्रोल आपलं, आणि एसी लावायचा नाही या अटीवर.
केरीला आईने अबोलीचे दोन वळेसर घेतले,
एक स्वतःला, एक आजोबादेवाला,
आणि चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर साईशला उलटी झाली.
लिंबाची फोड, पिशवी, ओला टॉवेल,
सगळं आधीच तिच्या पायाशी,
जणू सहलीचा मुख्य कार्यक्रम तोच.

बाबा गप्प. गियर बदलताना
डावा हात अजून टिपरचाच,
एवढ्याशा गाडीचा दांडा उपटून येईल असा.

वर थंड असेल म्हणून स्वेटर घेतलेले.
ते दिवसभर डिकीत घामाघूम होऊन पडले.
गेटवर पाटी : बाहेरचे पदार्थ आणू नयेत.
मग आईचे पोळे, अळसांद्याचं तोणाक,
फणसाच्या साठाची गुंडाळी
गुपचूप त्याच स्वेटरांखाली गेली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, वेलकम, मिस्टर गावस.
आम्ही तिघांनी वळून बाबांकडे पाहिलं :
हा कोण नवीन माणूस?

खोली सहापर्यंतच आपली.
आईने आधी शाम्पूच्या बाटल्या रुमालात बांधल्या,
मग पलंगावर आडवी झाली, चादर न विस्कटता.
साईशला पोहायची चड्डी भाड्याने मिळाली, नाडी नसलेली.
एका हाताने पाणी मारायचं, एका हाताने अब्रू धरायची.
बाबा काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
निळ्या पाण्यात पाय.
खाण बंद होऊन सहा वर्षं,
ट्रक भंगारात जाऊन चार.
टाचांच्या भेगांतलं तांबडं अजून निघालेलं नाही.

चार वाजता कड्यावर गेलो.
खाली अंजुण्याचं धरण, घासून उन्हात ठेवलेल्या ताटासारखं,
मग रान, मग नुसती धुळकट हवा,
आणि तिच्याही पलीकडे डोंगरांच्या रांगेत
पडलेल्या दाताची असते तशी जागा.
ती बघा आपली खाण, बाबा म्हणाले,
गावच्या देवळाचा कळस दाखवावा तसे.
आईने पाहिलं नाही.
ती करवंदं तोडत होती, चीक बोटांना, काटे पदराला.

तो डोंगर तुम्ही नेला?
मी एकटा नव्हे रे.
पण तुम्ही किती?

बाबांनी पेन काढलं.
रिसॉर्टच्या बिलामागे, बॉनेटवर ठेवून :
रोज पाच खेपा, खेपेला दहा टन,
पाऊस वगळून वर्षाचे एकशे ऐंशी दिवस,
चौदा वर्षं. रविवार धरले नाहीत.
एक लाख सव्वीस हजार.
आकड्याखाली दोन रेघा ओढल्या,
शाळेत ओढायचे असतील तशा.

साईशने पायाखालच्या कातळावर उडी मारून बघितली.
मग हा न्यायला किती दिवस?
मला वाटलं, आता हसतील.
त्यांनी मान वर केली, डावीकडून उजवीकडे
सगळा डोंगर बघितला,
बाजारात फणस हाताने न उचलता
वजन सांगणारा माणूस बघतो तसा.
म्हणाले, ह्याला रस्ता कुठून काढणार.

उतरताना कठड्यावर बसून पोळे खाल्ले.
कडक झालेले. चांगले लागले.
काचा खाली होत्या म्हणून
डोक्यावरून गेलेल्या धनेशाच्या पंखांचा
सूं सूं आवाज सगळ्यांना ऐकू आला,
मामाचे उपकार.

मग काळोख. साईश स्वेटरांच्या उशीवर झोपलेला,
ओठ करवंदांनी जांभळे.
मीही झोपले आहे असं समजून
आई समोरच्या काचेकडे बघत म्हणाली,
रविवार धरा.
शेवटची पाच वर्षं तुम्ही रविवारीही जात होता.

बाबांनी गियर खाली आणला.
पुढचं वळण मोठं होतं.