मुख्यत्वे

जुलैची एकोणतीस तारीख, चेंबूर,
दूधकेंद्राच्या वरचं माझं ऑफिस.
पंख्याला घाबरून कागदांवर ठेवलेलं काय काय:
स्टेपलर, पितळी कासव, कुणाचं तरी राहिलेलं चष्म्याचं घर.
समोर हरिश्चंद्र तांडेल, माझगावच्या गोदीत वेल्डर,
आणि त्यांची लेक प्रणोती, वय तेवीस.
दिवसभर घाटकोपरच्या लॅबमध्ये
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते,
संध्याकाळी लॉ कॉलेज, शेवटचं वर्ष.

आरोग्य विम्याचा हप्ता तिघांचा.
तिच्या वाट्याचे सहा हजार दोनशे चाळीस.
मुलगी अवलंबून असेल तर वजावट,
नसेल तर नाही.
एवढंच ठरवायचं होतं.

माझ्या सरांनी शिकवलेली कसोटी सोपी आहे:
पूर्णपणे, किंवा मुख्यत्वे.
पूर्णपणे कुणीच नसतं. उरतो दुसरा शब्द,
आणि त्याला वजनकाटा नाही.

पगार?
"साडेअकरा," ती म्हणाली.
"हातात दहा आठशे," ते म्हणाले,
कापलेले सातशे त्यांच्याच खिशातून गेल्यासारखे.
फी?
"मीच भरते."
"पहिल्या वर्षाची मी भरली."
"बाबा, मॅडम गेल्या वर्षाचं विचारतायत."
लाईट बिल तिचं. गॅस त्यांचा.
फ्रिजचं मी विचारलंच नव्हतं,
"फ्रिज हिनं आणला, हप्त्यावर," ते सांगू लागले,
"पण त्यात ठेवायची मासळी मी आणतो."
जेवण?
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.
"घरीच. म्हणजे ही येते साडेदहाला,
तोवर हिची आई कालवण झाकून जागी असते.
ते धरायचं का?"

मी म्हटलं, धरायचं.
कुठल्या रकान्यात, ते मलाही सुचलं नाही.
जुन्या चलनाच्या पाठीवर दोन रकाने पाडले होते,
मध्ये रेघ. कालवण रेघेवर लिहिलं.

मग ती खुर्चीत ताठ झाली,
समोर न्यायाधीश असल्यासारखी म्हणाली,
"मॅडम, मी अवलंबून नाही. तसंच लिहा."

ते खिडकीबाहेर बघत होते.
खाली पोरगा रिकामे क्रेट मोजत होता,
चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून.
"लिहा," ते म्हणाले. "सवलत गेली तरी चालेल.
पण विम्यातून नाव काढू नका हिचं.
अवलंबून नाही म्हणून
माणसाला ताप यायचा थांबतो का?"

माझं लग्न ठरलं तेव्हा
माझे वडील वडाळ्याच्या रेशन ऑफिसात गेले होते,
कार्डावरून माझं नाव कमी केल्याचा दाखला आणायला.
शिक्का ओला होता, म्हणून घडी न घालता
तळहातावर धरून चालत आले घरापर्यंत.
मी तेव्हा त्यांच्या दुप्पट कमवत होते.
साखर मात्र त्या महिन्यापर्यंत माझ्याही नावानं येत होती.

बाराशे अठ्ठ्याण्णव रुपये कर वाढला.
तांडेलांनी आकडा ऐकून घेतला
बाजारात भाव ऐकावा तसा,
फक्त घासाघीस केली नाही.
माझी फी द्यायला ते पाकीट शोधू लागले,
मागचा खिसा, शर्टाचा खिसा, डब्याची पिशवी.
तोवर तिनं फोन पुढे केला होता,
माझ्या टेबलावरचा चौकोन टिपला होता,
खोक्यातली बाई रक्कम बोललीही होती, मोठ्यानं.

ते पिशवीत हात घालून तसेच उभे राहिले.
"घरी गेल्यावर देतो तुला," म्हणाले.
"द्या," ती म्हणाली. नको म्हणाली नाही.
मला ते आवडलं.

पावती फाडायला घेतली.
कुणाच्या नावानं, विचारणार होते.
विचारलं नाही.
तांडेल, एवढंच लिहिलं,
आडनावाआधी जागा होती,
ती तशीच सोडली.